आलापल्लीवरून पुढे गेलेली मुलं

चंद्रपूरहून निघालेली एसटी बल्लारशा, कोठारी, गोंडपिपरी करत आष्टीजवळ वैनगंगा ओलांडते आणि तिथून पुढे सागाच्या सावलीत शिरते. आलापल्ली येईपर्यंत खिडकीबाहेर दुसरं काही दिसत नाही. हे गाव मूळचं लाकडाचं. वनविभागाची कचेरी, लाकडाचे डेपो आणि चार दिशांना फुटणारे चार रस्ते. एक अहेरीला, एक दक्षिणेकडे सिरोंच्याला, एक एटापल्लीला आणि एक पूर्वेकडे भामरागडला. भामरागडच्या रस्त्यावर पंधरा-सोळा किलोमीटर गेलं की ‘ग्लोरी ऑफ आलापल्ली’ नावाचा, वनखात्याने कुऱ्हाड न लावता राखून ठेवलेला सहा हेक्टरांचा जंगलाचा तुकडा लागतो. २०१४ साली त्याला जैविक वारसा स्थळाचा दर्जा मिळाला, आणि असा दर्जा मिळालेली ती महाराष्ट्रातली पहिली जागा. तिथल्या सागांच्या खोडाला कवेत घ्यायला दोन-तीन माणसं हातात हात धरून उभी करावी लागतात.

आलापल्लीचं नाव सागामुळे झालं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. या गावाने गेल्या पन्नास वर्षांत आणखी एक गोष्ट पुढे पाठवली, आणि तिची नोंद कुठल्याच डेपोच्या वहीत नाही. पुण्या-मुंबईची, नागपूर-नाशिकची, विशी-पंचविशीतली मुलं-मुली पाठीवर पिशव्या घेऊन इथे उतरली आणि भामरागडच्या रस्त्याला लागली. काही आठ दिवसांनी परतली, काही वर्षभराने, आणि काही परतलीच नाहीत. सेवेच्या ओढीने घराबाहेर पडलेल्या तरुणांचं काय होतं, त्यांना कोण घडवतं आणि ते कुणाला घडवतात, हे जगात अनेक ठिकाणी तपासता येईल. पण चंद्रपूर-गडचिरोलीच्या या पट्ट्यात ते जितकं स्वच्छ दिसतं तितकं फार थोड्या ठिकाणी दिसत असेल.

तरुणांना सेवेतून नेतृत्व शिकवायचं, ही कल्पना जगभर रुजवली ती सेवाभावी क्लबांनी. पॉल हॅरिस या वकिलाने १९०५ साली शिकागोत रोटरी सुरू केली. १९१७ मध्ये मेल्विन जोन्स यांच्या पुढाकाराने लायन्स उभी राहिली. सुरुवातीला दोन्ही संस्था मध्यमवयीन व्यापारी-व्यावसायिकांच्या. तरुणांकडे त्यांचं लक्ष जरा उशिराच गेलं. १९५७ साली अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात एका हायस्कुलात लायन्सचा पहिला लिओ क्लब निघाला. १९६२ मध्ये फ्लोरिडात शाळकरी मुलांसाठी रोटरीचा पहिला इंटरॅक्ट क्लब आणि १९६८ मध्ये नॉर्थ कॅरोलिनात तरुणांसाठी पहिला रोटरॅक्ट क्लब आला. रोटरीची ‘रायला’ ही नेतृत्व शिबिरं ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये जन्मली, आणि १९७१ मध्ये रोटरीने ती जगभरासाठी स्वीकारली. आज महाराष्ट्रातल्या जिल्ह्याजिल्ह्यांतली महाविद्यालयीन मुलं रायलाला जातात, भाषण कसं करावं, गट कसा सांभाळावा हे शिकून येतात.

या क्लबांचा सर्वांत धाडसी उपक्रम म्हणजे विद्यार्थ्यांची देवाणघेवाण. पंधरा ते अठरा-एकोणीस वयाचा मुलगा किंवा मुलगी शाळेचं एक वर्ष परक्या देशात काढते. हॉटेलात किंवा वसतिगृहात नाही, तिथल्या कुटुंबात. बहुतेक वेळा वर्षभरात दोन-तीन घरं बदलायची असतात, म्हणजे एकाच घराची सवय लागून देश बघायचा राहून जात नाही. इथलं मूल ब्राझीलला किंवा जर्मनीला जातं, तिकडचं मूल इथे येतं, पोळी लाटायला शिकतं, गणपतीत ढोलाच्या तालावर नाचतं, आणि यजमान घरातल्या आईला ‘आई’ म्हणू लागतं. या योजनेचा सगळा अर्थ त्या ‘आई’ शब्दात आहे. परक्या घरात राहून, तिथलं खाऊन, तिथली कामं करून जे कळतं ते पुस्तकातून कळत नाही. पण हा खर्च सगळ्यांना पेलणारा नाही, आणि शहरातली चांगल्या परिस्थितीतली घरंच एकमेकांकडे मुलं पाठवतात, हेही खरं. भामरागडच्या माडिया आदिवासी मुलीपर्यंत हा रस्ता पोचत नाही. तिच्यासाठी वेगळा रस्ता तयार व्हावा लागला. तो कसा झाला ते पुढे सांगतो.

या पट्ट्यात परदेशी तरुण पहिल्यांदा आले ते क्लबांकडून नव्हे. पिएर सेरेझोल या स्विस माणसाने पहिल्या महायुद्धानंतर, १९२० साली, फ्रान्समध्ये व्हर्दूनजवळच्या एका उद्ध्वस्त गावात वेगवेगळ्या देशांचे, अगदी कालच्या शत्रुदेशांचेही, स्वयंसेवक एकत्र केले आणि घरं बांधायला घेतली. त्यातून ‘सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल’ ही संस्था वाढली. १९३४ च्या बिहार भूकंपानंतर सेरेझोल स्वतः भारतात आले. याच संस्थेचे निरनिराळ्या देशांचे तरुण १९५० च्या दशकात चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळच्या आनंदवनात दाखल झाले. बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन केली होती आणि १९५१ पासून खडकाळ माळावर कुष्ठरुग्णांसह वस्ती केली होती. दवाखान्याच्या पहिल्या पक्क्या इमारती उभ्या करायला या पाहुण्यांचे हात लागले.

त्या काळातली एक गोष्ट आनंदवनात आजही सांगतात. कुष्ठरुग्णांनी पिकवलेली भाजी वरोऱ्यात कुणी विकत घेत नसे. रोगाच्या भीतीने लोक त्या भाजीला हात लावत नसत. मग लोकांनी पाहिलं की हे गोरे तरुण तीच भाजी शिजवून खातात, त्याच पंगतीला बसतात, आणि त्यांना काही होत नाही. त्यानंतर भाजीला गिऱ्हाईक मिळू लागलं. स्वयंसेवकांनी बांधलेल्या भिंतींपेक्षा त्यांनी खाल्लेल्या जेवणाने आनंदवनाचं जास्त भलं केलं, असं मला मनापासून वाटतं. परदेशी पाहुण्याने गावात येऊन काय करावं, या प्रश्नाला इतकं साधं आणि इतकं मोठं उत्तर दुसरं मला माहीत नाही.

बाबांनी त्यातून धडा घेतला. मूल तालुक्यात मारोड्याजवळ सोमनाथला १९६७ च्या सुमारास जमीन मिळाली. तिथे कुष्ठमुक्त शेतकऱ्यांनी जंगलाच्या कडेला भाताची शेती उभी केली. शंकरभाऊ जुमडे यांच्यासारख्या माणसांनी तिथे आयुष्य घातलं. बाबांच्या मनात तिथे श्रमिक विद्यापीठ काढायचं होतं. ज्यांच्या हाताला काम माहीत आहे आणि ज्यांच्या डोक्यात शिक्षण आहे, अशा दोघांना एकाच मातीत उभं करणारं विद्यापीठ. ते पूर्ण रूपात आलं नाही. पण त्याचं बीज म्हणून सुरू झालेली श्रमसंस्कार छावणी वर्षानुवर्षं भरत राहिली. सरकारची राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधीजन्मशताब्दीच्या वर्षात, ३७ विद्यापीठांतल्या सुमारे ४० हजार विद्यार्थ्यांना घेऊन सुरू झाली. सोमनाथचा प्रयोगही त्याच सुमाराचा, पण सरकारी हुकुमाविना आणि प्रमाणपत्राच्या आमिषाविना.

छावणी भरते ती मे महिन्याच्या मध्याला. ज्याने चंद्रपूरचा मे पाहिलेला नाही त्याला याचा अर्थ चटकन कळणार नाही. भर दुपारी पारा ४५ अंशांच्या वर जातो, हातपंपाच्या लोखंडाला हात लावता येत नाही, माती भाजलेल्या विटेसारखी कडक होते. आणि महाराष्ट्रभरातून आलेली मुलं त्या दिवसांत, आपली सुट्टी खर्च करून, बांध घालायला आणि माती उपसायला येतात.

म्हणून सगळं काम पहाटेचं. अंधार असतानाच उठायचं, गाणी म्हणत कामाच्या जागी जायचं आणि ऊन चढायच्या आत परतायचं. ‘श्रम ही है श्रीराम हमारा’ ही तिथली घोषणा. कुदळ मारणारे पुढे, फावड्याने घमेली भरणारे त्यांच्यामागे, आणि मग घमेल्यांची साखळी. या साखळीकडे जरा नीट पाहायला हवं, कारण छावणीची खरी शिकवणी तिच्यात चालते. चाळीस-पन्नास मुलं-मुली हातभर अंतरावर उभी राहतात. भरलेलं घमेलं एका बाजूने येतं, रिकामं दुसऱ्या बाजूने जातं. पहिल्या दिवशी हौशी मुलं जोराने पुढे ढकलतात, आणि पाच मिनिटांत साखळी तुटते, कारण मधे कुणाचा तरी हात भरून आलेला असतो, कुणाच्या पायावर घमेलं पडलेलं असतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आपोआप एक लय सापडते. ती लय साखळीतल्या सगळ्यात थकलेल्या हाताच्या वेगाची असते. जो ही लय ओळखतो, थकलेल्याला बाजूला घेऊन त्याच्या जागी स्वतः उभा राहतो आणि ओरडा न करता घमेलं चालू ठेवतो, तो गटप्रमुख होतो. त्याची निवड कुणी जाहीर करत नाही. तळहातावर फोड आलेले असतात, ते फुटतात, त्यावर फडकं बांधून पुन्हा कुदळ धरली जाते. शेजारी काम करणाऱ्याच्या हाताला बोटं अर्धीच असतात, आणि त्याची कुदळ आपल्यापेक्षा सरळ पडते, हे त्याच दिवसांत कळतं.

दुपारी सावलीत बसून चर्चा. डॉक्टर येतात, शेतकरी येतात, पत्रकार, शास्त्रज्ञ, कार्यकर्ते येतात. भांडणंही होतात, आणि ती व्हावीत अशीच व्यवस्था असते. संध्याकाळी गाणी, नाटुकली. स्वच्छता, स्वयंपाकघरातली मदत, पाणी भरणं या कामांच्या पाळ्या. मुलगे भाजी चिरतात आणि मुली कुदळ मारतात, यावर १९७० च्या दशकातल्या घरांमध्ये किती चर्चा झाली असेल, त्याची कल्पना करावी.

याच वातावरणातून १९८५ ची ‘भारत जोडो’ यात्रा निघाली. पंजाब पेटलेला होता, इंदिरा गांधींच्या हत्येनंतरच्या दंगलींच्या जखमा ओल्या होत्या. बाबा तेव्हा एकाहत्तर वर्षांचे होते आणि पाठीच्या कण्याच्या दुखण्यामुळे त्यांना नीट बसताही येत नसे. ते गाडीत आडवे पडून प्रवास करत, आणि शंभराहून अधिक तरुण-तरुणी सायकलींवर त्यांच्यासोबत कन्याकुमारीपासून काश्मीरच्या दिशेने निघाले. अंतर पाच हजार किलोमीटरांच्या पुढचं. ‘हाथ लगे निर्माण में, नहीं मारने, नहीं माँगने’ हे त्यांचं बोधवाक्य. १९८८ मध्ये दुसरी यात्रा इटानगरहून गुजरातमधल्या ओखापर्यंत गेली. एका राज्याच्या मुलाने दुसऱ्या राज्याच्या घरात राहावं, तिथली भाषा शिकावी, ही साने गुरुजींची आंतरभारतीची तळमळ. ती या सायकलींच्या चाकांवर देशभर फिरली, असं म्हणायला हरकत नाही.

आता पुन्हा आलापल्लीला येऊ.

आलापल्लीला लागूनच नागेपल्ली आहे. भामरागडच्या रस्त्याने जाणाऱ्यांचा हा मुक्कामाचा टप्पा, कारण त्यापुढे पूर्वी धड रस्ताच नव्हता. बाबा आमटे आपल्या कुटुंबासह १९७० मध्ये या भागात आले होते. तिथले माडिया गोंड पाहून त्यांच्या मुलाने, प्रकाश आमटे यांनी, इथे काम करायचं ठरवलं. २३ डिसेंबर १९७३ ला भामरागडजवळ हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे नव्याने लग्न झालेले, दोघेही नागपुरात वैद्यकीय शिक्षण घेतलेले. सुरुवातीच्या खर्चाला स्वित्झर्लंडच्या स्विसएड या संस्थेची मदत मिळाली. पण पैशाने पावसाळ्यात नदी ओलांडता येत नाही. सहा-सहा महिने रस्ता बंद राहायचा. त्या काळासाठी तांदूळ, औषधं, रॉकेल आधी साठवून ठेवावं लागे. नागेपल्लीचं केंद्र म्हणूनच उभं राहिलं, हेमलकशाला पाठवायचा माल आणि माणसं थांबायला. जगन मचकले यांनी ते वर्षानुवर्षं सांभाळलं. पुढे जाणाऱ्यांची नावं सगळे घेतात. मागे थांबून धान्याची पोती मोजणाऱ्याशिवाय पुढचा दवाखाना एक पावसाळाही टिकला नसता.

हेमलकशाला जे तरुण आले, त्यांची हकिगत कुठल्याही नेतृत्व शिबिराच्या पुस्तकात घालावी अशी आहे. विलास मनोहर पुण्यातला व्यवसाय सोडून आले. पुढे त्यांनी या जंगलातल्या माणसांवर आणि प्राण्यांवर लिहिलं. ‘एका नक्षलवाद्याचा जन्म’ आणि ‘नेगल’ ही पुस्तकं मराठी वाचकांना चांगली परिचयाची आहेत. गोपाळ फडणीस शाळेला लागले. दादा पांचाळ, मनोहर येम्पलवार आणि त्यांच्यासारखे आणखी काही. वीज नव्हती, आणि जवळपास दोन दशकं ती आलीच नाही. माडिया लोक सुरुवातीला या परक्यांना पाहून जंगलात पळत. भाषा येत नव्हती, म्हणून डॉक्टरांनी आधी भाषा शिकली. कंदिलाच्या उजेडात बाळंतपणं झाली. आज त्याच दवाखान्यात दरवर्षी सुमारे ४० हजार रुग्ण येतात, त्यातले अनेक इंद्रावतीपलीकडे छत्तीसगडमधून. इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतमी या तीन नद्या भामरागडला मिळतात, आणि पावसाळ्यात गाव आजही पुराने वेढलं जातं.

जगाने या कामाची दखल घेतली ती अनपेक्षित वाटेने. १९९५ मध्ये मोनाको या इवल्याशा युरोपीय राज्याने प्रकाश आणि मंदाकिनी आमटे यांच्या सन्मानार्थ टपाल तिकीट काढलं. २००८ मध्ये दोघांना रेमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. २०१४ मध्ये त्यांच्यावर आलेल्या मराठी चित्रपटानंतर तर गाड्यांची रीघ लागली.

आता त्या वेगळ्या रस्त्याची गोष्ट. लोकबिरादरीने १९७६ मध्ये आश्रमशाळा काढली. पहिली मुलं घरोघरी जाऊन गोळा करावी लागली. आज तिथे सहाशेच्या आसपास मुलं शिकतात. त्यातली काही डॉक्टर झाली, काही शिक्षक, काही पोलीस, काही वनरक्षक. लालसू नोगोटी याच शाळेतून पुढे जाऊन पुण्यात कायदा शिकले आणि माडिया समाजातले पहिले वकील झाले. २०१७ मध्ये ते भामरागडमधून गडचिरोली जिल्हा परिषदेवर निवडून आले. माडिया गोंड हा महाराष्ट्रातल्या विशेष असुरक्षित आदिवासी गटांपैकी एक. असे तीनच गट राज्यात आहेत, कातकरी आणि कोलाम हे दुसरे दोन. त्या समाजातला मुलगा भामरागडहून पुण्यात जातो तेव्हा तो भाषेने, जेवणाने, घराच्या रचनेने खराखुरा परदेशी असतो. अठराव्या वर्षी जर्मनीला जाणाऱ्या पुण्याच्या मुलापेक्षा त्याचं अंतर कमी नाही, आणि त्याच्यासाठी यजमान कुटुंब ठरवून दिलेलं नसतं. तो परत येतो आणि आपल्या गावच्या ग्रामसभेत जंगलहक्कांची भाषा मांडतो. देवाणघेवाणीचं हे उलट टोक मला या सगळ्या इतिहासातलं सर्वांत मौल्यवान वाटतं.

बाहेरून येणारेही थांबलेले नाहीत. २०१५ मध्ये लोकबिरादरीने छत्तीसगडच्या सीमेजवळ नेलगुंडा गावात साधना विद्यालय सुरू केलं. बाबांची नातवंडं, डॉ. दिगंत, अनिकेत आणि त्यांची कुटुंबं आता प्रकल्प चालवतात, आणि अजूनही शहरातली मुलं महिना-दोन महिने, वर्ष-दोन वर्षं शिकवायला, दवाखान्यात हाताखाली काम करायला येतात.

एक गोष्ट मात्र सगळे पाहुणे विसरतात. तरुणांची संस्था या जंगलात बाहेरून आलीच नाही. ती इथे आधीपासून होती आणि तिचं नाव गोटुल. गावाच्या मध्यावर लाकडी खांबांवर उभं राहिलेलं, बहुतेक बाजूंनी उघडं, मोठ्या छपराचं घर. पाहुणा आला तर तो गोटुलात उतरतो. गायता, पेरमा, भूमिया हे गावचे मानकरी बसून गावचे निवाडे तिथेच करतात. संध्याकाळ झाली की तिथे ढोल वाजतो, रेला नाच सुरू होतो, तरुण पोरं लहान पोरांना गाणी, शिकारीच्या खुणा, पाहुण्याशी वागायची रीत शिकवतात. ब्रिटिश अधिकारी डब्ल्यू. व्ही. ग्रिगसन यांनी बस्तरच्या माडियांवर १९३८ मध्ये लिहिलं. व्हेरियर एल्विन यांचा मुरिया गोंडांच्या गोटुलवरचा ग्रंथ १९४७ मध्ये आला आणि जगभर गाजला. गाजला तो मुख्यतः मुलामुलींच्या एकत्र झोपण्याच्या कुतूहलापोटी, आणि ती रीतही फक्त मुरियांपुरती. माडियांमध्ये मुली गोटुलात झोपायला जात नाहीत. त्या कुतूहलात मुख्य गोष्ट झाकली गेली. मोठ्या पोरांवर छोट्यांची जबाबदारी टाकायची, गावचं काम वाटून घ्यायचं, चूक झाली तर समवयस्कांनीच दंड करायचा, अशी ही पाठशाळा. लिओ क्लबांच्या कितीतरी पिढ्या आधीची.

गडचिरोलीतच मेंढा लेखा गावाने हे जुनं घर पुन्हा उभं केलं. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या वृक्षमित्र संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल तरुणपणी जयप्रकाश नारायण यांच्या छात्र युवा संघर्ष वाहिनीतून आले होते. गावाने काय करावं हे न सांगता ते गावासोबत अभ्यासगटात बसत राहिले. देवाजी तोफा आणि गावकऱ्यांनी सागाच्या लाकडाने गोटुल बांधलं. वनखात्याने आक्षेप घेऊन ते पाडलं. मग शेजारच्या गावांनीही आपापली गोटुलं उभारली आणि खात्याला माघार घ्यावी लागली. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा याच गावाची. २००९ मध्ये मेंढ्याला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला, देशात सर्वप्रथम हक्क मिळालेल्या गावांत त्याचं नाव आहे.

इथल्या तरुणांनी पुढे होण्याची परंपरा त्याहूनही मागे जाते. अहेरी भागातल्या मोलमपल्लीच्या जमीनदार घराण्यातले बाबूराव शेडमाके यांनी १८५७-५८ च्या धामधुमीत गोंड तरुणांची जंगोम सेना उभारून इंग्रजांशी लढा दिला. २१ ऑक्टोबर १८५८ ला चंद्रपूरला त्यांना फाशी झाली तेव्हा त्यांचं वय पंचवीस होतं.

आता आजच्या तरुणांकडे. गडचिरोलीहून धानोऱ्याच्या रस्त्यावर शोधग्राम आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८० च्या दशकात इथे ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार करून त्यांनी ३९ गावांत घरच्या घरी नवजात बाळांची काळजी घ्यायची पद्धत बसवली. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्याचे निष्कर्ष आले. नवजात बालमृत्यूचं प्रमाण ६२ टक्क्यांनी घटलं होतं. पुढे देशभरच्या आशा कार्यकर्त्यांच्या कामात ही पद्धत गेली. २००६ मध्ये बंग दांपत्याने महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनच्या (एमकेसीएल) विवेक सावंत यांच्यासोबत ‘निर्माण’ सुरू केलं. अर्ज, मुलाखत, मग आठ-दहा दिवसांची निवासी शिबिरं, एक झालं की काही महिन्यांनी पुढचं. मधल्या काळात शिबिरार्थ्याने गावात, दवाखान्यात, शेतात काहीतरी करून पाहायचं. डॉक्टर, इंजिनिअर, कृषी पदवीधर, सगळे एकाच प्रश्नाशी झुंजतात. मला जे येतं ते कुणाला हवं आहे? सोमनाथला हाताला फोड येतात, इथे डोक्याला येतात, असं एका शिबिरात जाऊन आलेल्या मित्राने मला सांगितलं होतं, आणि दोन्ही ठिकाणी जायला हवं असं त्याचं म्हणणं होतं.

इथे येऊ पाहणाऱ्या तरुणाला आणि त्याला पाठवू पाहणाऱ्या क्लबाला दोन शब्द सांगावेसे वाटतात. दोन दिवसांत येऊन वह्या-पेन्सिली वाटून फोटो काढून परतणं म्हणजे सेवा नव्हे. त्यात स्वयंपाकघरावर ताण येतो, मुलांचा अभ्यास मोडतो, आणि गावाला उगीच घेणाऱ्याच्या जागी बसावं लागतं. यायचं तर किमान महिनाभर. माडियातले चार शब्द आधी शिकून, जोहार म्हणून. शिबिर ठरवायचं तर ज्या गावात जायचं त्या गावच्या ग्रामसभेला विचारून, आणि शहरातून दहा मुलं इकडे आणायची असतील तर इकडची दहा मुलं शहरातल्या घरांत राहायला नेण्याची तयारी ठेवून. क्लबांकडे यजमान कुटुंबांचा पन्नास-साठ वर्षांचा अनुभव आहे. तो ब्राझील-जर्मनीसाठी वापरला जातो. भामरागड-पुणे या अंतरासाठी तो वापरता येणार नाही का, हा प्रश्न मी गंभीरपणे विचारतो आहे.

मे महिन्यात आलापल्लीच्या आसपासच्या जंगलात तेंदूपत्त्याचा हंगाम चालू असतो. आश्रमशाळेला सुट्टी लागलेली असते, आणि हेमलकशाची मुलं गावी गेलेली असतात. पहाटे, सोमनाथला छावणीची शिट्टी वाजते त्याच वेळी, इकडे ही मुलं आईवडिलांसोबत जंगलात शिरलेली असतात. ऊन चढायच्या आत पानं तोडून आणायची, मग सावलीत बसून सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधायचे, संध्याकाळी ते खरेदीच्या फडीवर नेऊन मोजून द्यायचे. बोटांना पानांचा चिकटा लागून ती काळी पडतात. त्या पैशातून शाळेचे कपडे, चपला, एखादी पेटी येते. जूनमध्ये पहिल्या पावसाच्या आत आलापल्लीहून भामरागडला जाणाऱ्या गाडीच्या टपावर अशा पेट्या बांधलेल्या दिसतात, आणि खिडकीशी बसलेल्या पोराच्या शेजारच्या सीटवर बहुधा शहरातून पहिल्यांदाच शिकवायला निघालेली एखादी ताई असते. पेरमिली, ताडगाव येईपर्यंत पोरगं तिला माडियात एक ते दहा मोजायला शिकवत असतं.